ॲक्युपंक्चर: सुई आत गेल्यावर काय होतं, आणि कशासाठी करून घ्यावं

मज्जारज्जू

या चर्चामंचावर गुडघेदुखीच्या धाग्यावर ॲक्युपंक्चरचा विषय निघाला आणि मूळ चर्चा बाजूलाच राहिली, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ज्यांचा या उपचाराशी कामानिमित्त संबंध येतो त्यांनी तपशील लिहावेत ही विनंती. "मला फरक पडला" एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आधी सुई. ही सुई भरीव असते, इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. टोकाला तिरकी धार नसल्यामुळे ती मांस कापत न जाता बाजूला सारत आत जाते. अंगावर सर्वसाधारणपणे ०.२५ मिमी जाडीची वापरतात, चेहऱ्यावर ०.१६ ते ०.२० ची आणि कुल्ह्यासारख्या जाड स्नायूत ०.३० ची. इंजेक्शनची २३ गेजची सुई सुमारे ०.६ मिमी असते, म्हणजे दुपटीहून जाड. लांबी जागेप्रमाणे २५ किंवा ४० मिमी, कुल्ह्यातल्या जीबी ३० या बिंदूसाठी ७५ मिमी (टोचायच्या ठरलेल्या जागांना, म्हणजे बिंदूंना, अशी अक्षर-आकड्यांची नावं असतात).

आता परिणाम. सुई स्नायूत पोचून थोडी फिरवली की रुग्णाला टोचल्यासारखं वाटत नाही, जड वाटतं, आतून ताण बसतो, ठणकतं किंवा मुंग्या येतात. चिनी परंपरेत याला 'ते-ची' म्हणतात. हा संदेश स्नायूतल्या बारीक मज्जातंतूंवरून मज्जारज्जूच्या मागच्या भागात, ज्याला 'शिंग' म्हणतात तिथे जातो, तिथून मेंदूकडे. मेंदूच्या खोडातून वेदना दाबणारी जी यंत्रणा खाली उतरते ती यामुळे जागी होते आणि शरीराची स्वतःची अफूसदृश द्रव्यं सुटतात: एन्डॉर्फिन, एन्केफॅलिन, डायनॉर्फिन. १९७७ मध्ये मेयर, प्राइस आणि रफी यांनी माणसांवर प्रयोग करून दाखवलं की नालोक्सोन दिलं की सुईने आलेला वेदनाशामक परिणाम उतरतो. नालोक्सोन अफूजन्य औषधांचा उतारा आहे, त्यामुळे धागा कुठे जोडलाय ते कळतं. बीजिंगच्या हान जिशेंग यांनी पुढे दाखवलं की सुयांना वीज जोडली तर २ हर्ट्झला मुख्यतः एन्केफॅलिन आणि एन्डॉर्फिन सुटतात, १०० हर्ट्झला डायनॉर्फिन.

सुईच्या जागीही काही घडतं. २०१० मध्ये उंदरांवर दिसलं की सुई फिरवल्यावर आजूबाजूला ॲडेनोसिन वाढतं. ज्या उंदरांत त्याचा ए-१ रिसेप्टर (ते द्रव्य ओळखणारा पेशीवरचा रेणू) नव्हता त्यांच्यात वेदना कमी झालीच नाही. हेलेन लँजेव्हिन यांनी दाखवलं की फिरवलेल्या सुईभोवती त्वचेखालचे कोलाजेनचे धागे गुंडाळले जातात, चातीवर सूत चढावं तसे. सुई काढताना जो हलका 'धरल्याचा' भास होतो तो त्यामुळे.

२०२१ चा 'नेचर'मधला शोधनिबंध मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. उंदराच्या मागच्या पायावर, एसटी ३६ च्या जागी, अगदी कमी तीव्रतेची वीज दिली तर एका ठरावीक जातीचे मज्जातंतू चेततात, व्हेगस या मेंदूतून छाती-पोटापर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूमार्फत अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीला संदेश जातो आणि शरीरातला दाह उतरतो. तेच पोटावर केलं तर होत नाही, कारण ते तंतू पायाच्या खोल आवरणात आहेत, पोटाच्या नाहीत. कुठे टोचलं याने फरक पडतो, आणि का पडतो, हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

हे बिंदू ज्यावर आहेत असं चिनी परंपरा मानते ती मेरिडियन नावाची वाहिनी शरीरविच्छेदनात कोणाला सापडलेली नाही. तो नकाशा जागा लक्षात ठेवायला उत्तम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या प्रमाणित यादीत त्यावरचे ३६१ बिंदू आहेत.

आकडेमोड

चांगलं लिहिलंय. पण उंदरात यंत्रणा सापडली म्हणून गोरेगावातल्या आजींचा गुडघा बरा होईल असं होत नाही, तेव्हा माणसांवरच्या चाचण्यांचं मांडतो.

जर्मनीतली कंबरदुखीची मोठी चाचणी, २००७, १,१६२ रुग्ण. खऱ्या ॲक्युपंक्चरने सुधारलेले ४७.६ टक्के, खोट्याने ४४.२, नेहमीच्या उपचाराने २७.४. गुडघ्याच्या झिजेवरची तिथलीच २००६ ची चाचणी: खरं ५३.१, खोटं ५१.०, नेहमीचे उपचार २९.१. 'खोटं' म्हणजे बिंदू नसलेल्या जागी, वरवर टोचलेली सुई.

दोन्हीकडे चित्र सारखंच आहे. काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसत्या गोळ्यांपेक्षा सुया बऱ्याच पुढे, पण नेमका बिंदू आणि भलतीच जागा यांच्यात फरक थोडा. २०१८ मध्ये ३९ चाचण्यांतल्या २०,८२७ रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा खऱ्या-खोट्यातला फरक लहान पण ठाम निघाला, आणि वर्षभराने पाहिलं तरी बराचसा फायदा टिकून होता.

माझ्या मते सगळ्यांत भक्कम बाजू अर्धशिशीची. कॉक्रेन (चाचण्या एकत्र करून तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था) हिचा २०१६ चा आढावा: २२ चाचण्या, ४,९८५ माणसं. अर्धशिशीचे झटके निम्म्यावर आलेले ४१ टक्के, नेहमीच्या उपचारात १७. खोट्या सुयांशी तुलना केली तर ५० विरुद्ध ४१. रोज घ्यायच्या प्रतिबंधक गोळ्यांशी तुलना केली तर तीन महिन्यांनी ५७ विरुद्ध ४६, आणि दुष्परिणामांमुळे सोडून देणारे सुयांच्या गटात कमी. कोणता उपचार द्यावा याचं मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१२ पासून अर्धशिशी आणि ताणाच्या डोकेदुखीसाठी ५ ते ८ आठवड्यांत जास्तीत जास्त १० बैठका असं सुचवलंय. त्याच संस्थेने कंबरदुखीसाठी २०१६ मध्ये आणि गुडघ्याच्या झिजेसाठी २०२२ मध्ये 'देऊ नका' म्हटलंय. म्हणजे एकाच उपचाराला आजारागणिक वेगळं उत्तर आहे.

मज्जारज्जू

आकडे बरोबर आहेत. एक भर घालतो: खोटी सुई निष्क्रिय नसते. जर्मन चाचण्यांत ती त्वचेच्या आत गेलेली होती, आणि वर लिहिलेले मज्जातंतू चाळवायला तेवढंही थोडंफार पुरतं. म्हणून १९९८ मध्ये श्ट्राइटबर्गर यांनी बोथट टोकाची, मुठीत सरकून आत जाणारी सुई बनवली, नाटकातल्या खंजिरासारखी. त्वचेला टोक लागतं, रुग्णाला टोचल्याचा भास होतो, आत काही जात नाही. पण तिनेही त्वचेवर दाब येतोच. औषधाच्या चाचणीत खडूची गोळी देता येते, इथे तेवढी स्वच्छ खोटी सुई मिळत नाही.

आकडेमोड

मान्य. पण मग 'नेमक्या बिंदूवरच टोचलं पाहिजे, एक सूत इकडेतिकडे झालं तर फुकट' हा दावाही ढिला पडतो. दोन्हीकडून बोलता येणार नाही.

मज्जारज्जू

दुखण्याच्या बाबतीत ढिला पडतो, हे खरंय. सुरक्षिततेच्या बाबतीत मात्र एक सूतही महत्त्वाचं आहे.

जास्वंद_मुलुंड

वाचतेय. आईसाठी विचारायचं होतं: वय ६८, दोन्ही गुडघे झिजलेले, बीपीची गोळी आणि ॲस्पिरिन ७५ चालू. डॉक्टर इतक्यात ऑपरेशन नको म्हणाले. 'नाइस' नको म्हणते तर करून घ्यावं का? आणि घेतलं तर बैठकीत नेमकं काय काय होतं?

विभावरी_फिजिओ

जास्वंदताई, गुडघ्याला पहिला उपचार व्यायामच: मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि वजन. सुयांचा उपयोग एवढाच की दुखणं थोडं कमी झालं तर व्यायाम जमू लागतो. व्यायाम होणार नसेल तर नुसत्या सुयांवर पैसे घालवू नका. दोन्ही एकत्र होणार असेल तर एकदा करून बघायला हरकत नाही.

बैठक कशी असते ते सांगते. आईंना उताणं झोपवतात, गुडघ्याखाली उशी किंवा टॉवेलची गुंडाळी, म्हणजे गुडघा थोडा वाकलेला राहतो. हे महत्त्वाचं, कारण वाटीच्या खालचे दोन खळगे गुडघा वाकल्यावरच उघडतात. बाहेरचा खळगा एसटी ३५, आतला त्याचा जोडीदार. सोबत एसटी ३६, एसपी ९, एसपी १०, जीबी ३४ आणि घोट्याजवळचे एखाद-दोन. एका गुडघ्याला सहा ते नऊ सुया पुरतात.

एसटी ३६ कसा शोधतात ते बघा, म्हणजे समोरचा माणूस मोजतोय की अंदाजाने टोचतोय ते कळेल. बाहेरच्या खळग्यापासून खाली चार बोटं, आणि ही बोटं रुग्णाची धरायची, टोचणाऱ्याची नाहीत. माप रुग्णाच्या अंगावरच ठरतं: अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक त्सुन, चार बोटं जोडून तीन त्सुन. तिथून नडगीच्या धारेच्या बाहेर एक बोट. मग रुग्णाला पाऊल वर ओढायला सांगायचं. त्या जागी स्नायू फुगून वर येतो, त्याच्या पोटात सुई. ४० मिमीची सुई, सरळ काटकोनात, २५ मिमीच्या आसपास आत. पावलाकडे करंट मारल्यासारखं झालं तर सुई नसेला लागलीय. तिथे फिरवायची नाही, थोडी मागे घ्यायची. जडपणा हवा, करंट नको.

टोचताना प्लॅस्टिकची बारीक नळी त्वचेवर टेकवतात, सुईची मूठ नळीच्या वर तीन-चार मिमी येते, त्यावर बोटाने एक टिचकी. त्वचा पार झाली की नळी काढून हळूहळू आत. सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात. आठवड्यातून एकदा किंवा दोनदा. सहा बैठका झाल्यावर जिना उतरताना, खुर्चीतून उठताना काही फरक नसेल तर थांबायचं. 'अजून दहा घ्या, मग बघू' असं सुरू झालं तर नम्रपणे नाही म्हणा.

ॲस्पिरिन ७५ ने अडत नाही, ती बंद करू नका. सुई काढल्यावर कोरड्या कापसाने एखादं मिनिट जास्त दाबून धरायला सांगा, डाग कमी पडेल. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) मर्यादेत आहे का ते आधी दाखवावं लागतं, खोल सुया टाळतात. गुडघा बदललेला असेल तर त्या सांध्याजवळ सुई नाही, कारण कृत्रिम सांध्याला जंतू लागला तर तो निघता निघत नाही. सुजलेल्या, लाल, गरम गुडघ्याला तर कोणाच्याच हातची सुई नको, आधी डॉक्टर.

परळकर_ओटी

स्वच्छतेचं मी लिहिते, कारण इथेच लोक बघत नाहीत आणि इथेच बघायला हवं.

सुई कागद-प्लॅस्टिकच्या बंद पाकिटात येते. पाकीट तुमच्यासमोर फुटलं पाहिजे. त्यावर मुदत आणि निर्जंतुक केल्याची खूण असते. आपल्याकडे जूनपासून हवा इतकी दमट की भिंतीला ओल येते, कागदी बाजू फुगलेली किंवा डागाळलेली असेल तर मुदत असली तरी ते पाकीट बाद. 'तुमच्या नावाच्या सुया वेगळ्या ठेवल्यात, पुढच्या वेळी त्याच वापरू' असं कोणी म्हणालं तर उठून या. स्पिरिटमध्ये बुडवून सुई निर्जंतुक होत नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू अशाच सुयांवरून पसरलाय. शिवाय वापरून वापरून सुई मुठीपाशी कमजोर होते आणि तुटते, म्हणूनच सुई कधी मुठीपर्यंत पूर्ण आत घालत नाहीत. बाहेर थोडी राहिली तर चिमट्याने काढता येते.

त्वचा स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्यावी. ओल्यावर टोचलं तर झोंबतं आणि पुसण्याचा उपयोगही कमी होतो.

सुया मोजून घालाव्यात, मोजून काढाव्यात. केसांत आणि कानामागे विसरली जाते. बैठक संपल्यावर 'किती घातल्या होत्या, किती काढल्या?' हे बिनधास्त विचारा, त्यात अपमान नाही. वापरलेली सुई २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनुसार न टोचणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात जायला हवी. क्लिनिकमध्ये असा डबा दिसत नसेल तर त्या सुया साध्या कचऱ्यात जातात, आणि तो कचरा कोणाच्या तरी हाताने वेगळा होतो.

कांदिवली_६१२

मान आणि खांद्याचं विचारायचंय. रोज लॅपटॉप, शिवाय लोकलमध्ये वर हात धरून उभं राहणं. खांद्यावर सुया घेतलेल्या चालतात का? फिजिओ 'ड्राय नीडलिंग' म्हणतो, ते वेगळं असतं का?

विभावरी_फिजिओ

सुई तीच. ड्राय नीडलिंगमध्ये मेरिडियन सोडून स्नायूतली दुखरी गाठ हाताने शोधतात आणि सुई तिच्यात वरखाली करतात. स्नायू क्षणभर उडतो, त्यानंतर एक-दोन दिवस ठसठसतं. ॲक्युपंक्चरमध्ये बहुधा सुई घालून शांत ठेवतात.

पण खांद्याचा जीबी २१ हा बिंदू सगळ्यांत जपून करायचा. मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध, जिथे पिशवीचा पट्टा बसतो, तिथे. खाली फुप्फुसाचं टोक असतं, बारीक अंगाच्या माणसात त्वचेपासून एक-दोन सेंटिमीटरवर. सुई सरळ खाली घातली तर फुप्फुसाला भोक पडून छातीत हवा भरते. बरोबर रीत म्हणजे स्नायू चिमटीत धरून वर उचलायचा आणि सुई पुढून मागे, चिमटीच्या आतच घालायची. २५ मिमीहून लांब सुई इथे लागतच नाही. पाठीवर दोन बरगड्यांच्या मध्येही तीच काळजी, तिथे सुई तिरकी.

लक्षण लगेच दिसेल असं नाही. बैठकीनंतर काही तासांनी दीर्घ श्वास घेताना छातीत टोचणं, कोरडा खोकला, जिना चढताना धाप. असं झालं तर वाट न बघता इस्पितळात जा, 'खांद्यावर सुया घेतल्या होत्या' हे आधी सांगा आणि एक्स-रे काढून घ्या.

आकडेमोड

प्रमाण सांगतो म्हणजे भीती नको. जर्मनीत २,२९,२३० रुग्णांची नोंद ठेवली होती, २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. ८.६ टक्क्यांना काही ना काही त्रास, बहुतेकांना रक्ताचा ठिपका किंवा काळानिळा डाग. फुप्फुसाला भोक: २ रुग्ण. मात्र तिथे सगळे प्रशिक्षित डॉक्टर होते.

मज्जारज्जू

अजून एक जागा: छातीच्या मधल्या हाडावरचा सीव्ही १७. शंभरात पाच-सात माणसांच्या या हाडाला जन्मतःच बारीक भोक असतं आणि वरून हाताला कळत नाही. तिथे सरळ सुई गेली तर मागे हृदय. म्हणून हा बिंदू नेहमी आडवा, त्वचेला समांतर करतात.

आणि पेसमेकर असेल तर विजेचं ॲक्युपंक्चर नको. साध्या सुया चालतात.

गिरगावकर

थोडं इतिहासाचं. डॉ. कोटणीसांनी ॲक्युपंक्चर भारतात आणलं असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते सोलापूरचे, शिकले आपल्या परळच्या जी. एस. मेडिकलला, १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. पण ते शल्यचिकित्सक होते. त्याच पथकातले डॉ. बिजॉयकुमार बसू पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन हे शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. म्हणूनच बंगालचा कायदा १९९६ चा, आपल्या आधीचा. आता महाराष्ट्रातही ॲक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, केंद्राने २०१९ मध्ये स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. त्यामुळे नोंदणी क्रमांक विचारायचा आपल्याला हक्क आहे. भिंतीवरचं 'वीकेंड कोर्स'चं प्रमाणपत्र म्हणजे नोंदणी नव्हे.

जास्वंद_मुलुंड

सगळ्यांचे आभार. एक मैत्रीण आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) करतेय, तिला गर्भ गर्भाशयात सोडण्याच्या दिवशी सुया घ्यायला सांगितलंय, वेगळे पैसे. उपयोग होतो का?

आकडेमोड

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली ८४८ स्त्रियांची चाचणी, २०१८. मूल जन्माला येण्याचं प्रमाण खऱ्या सुयांनी १८.३ टक्के, खोट्या सुयांनी १७.८. म्हणजे फरक नाही. त्या खर्चात पैसे आधीच पाण्यासारखे जातात, हे त्यात घालू नये असं मी कळकळीने सांगेन. मनाला शांत वाटतं म्हणून कोणी घेत असेल तर तो निर्णय तिचा, पण यश वाढतं असं सांगून विकू नये.

मधुमेह बरा होणं, इन्सुलिन बंद होणं, सिगारेट कायमची जाणं, यातल्या कशालाही टिकाऊ पुरावा नाही. सुयांच्या भरवशावर गोळी बंद करणं तर सरळ धोक्याचं.

परळकर_ओटी

मळमळीला मात्र पुरावा चांगला आहे. मनगटावरचा पीसी ६: शस्त्रक्रियेनंतरची मळमळ-उलटी यावर कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात ५९ चाचण्या होत्या, खोट्यापेक्षा उपयोग दिसला आणि उलटीच्या औषधांच्या तोडीचा.

हा बिंदू सुईशिवाय घरी दाबता येतो. तळहात वर करा, मनगटाच्या घडीपासून कोपराकडे स्वतःच्या अंगठ्याच्या दोन रुंद्या मोजा. मूठ वळून मनगट थोडं आत वाकवलं की दोन कंडरा (स्नायूंच्या दोऱ्या) ताणून वर येतात, त्यांच्या मधोमध. अंगठ्याने दोन-तीन मिनिटं, खोल ठणकेल इतकं, नख न लावता दाबा, मग दुसरा हात. काही जणांच्या हाताला त्यातली एक कंडरा जन्मतः नसतेच, तेव्हा घाबरू नका, मनगटाचा मध्य धरा. सुई मात्र घरी नको, बरोबर खाली हाताची मोठी नस जाते.

कांदिवली_६१२

शेवटचं: पहिल्या बैठकीला उपवास असला तर चालेल? श्रावणी सोमवारची वेळ मिळालीय, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर, आणि तिथून सहाची लोकल.

विभावरी_फिजिओ

तारीख बदला. भोवळ येण्याची तीन कारणं एकत्र येतायत: पहिली वेळ, रिकामं पोट, दिवसभराचा थकवा. त्यात खुर्चीत बसवून मानेला सुया घातल्या तर हमखास घाम फुटून डोळ्यांपुढे अंधारी येते. तसं झालं तर सगळ्या सुया लगेच काढून, आडवं करून, पाय उंच ठेवतात, पाच-दहा मिनिटांत माणूस सावरतो. जेवून दीड-दोन तासांनी जा, झोपूनच करून घ्या. सुया असताना हलू नका, हललं की सुई स्नायूत वाकते. एखादी अडकली तर ओढू देऊ नका. स्नायू आखडलेला असतो, थोडं थांबून, आजूबाजूला चोळून, ज्या दिशेने फिरवली त्याच्या उलट फिरवली की सुटते.

उठल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसा, पाणी प्या. सहाची सोडून सातची पकडा, आणि त्या दिवशी दारात उभं राहू नका.